प्रयोगशाळेचे दार आणि आपला हक्क

वाचकहो, वणीच्या द्राक्षमळ्यांना शेतीची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीस मिळते, आणि अंधारात पाणी देण्यास कोणाचे पाय मळ्यात जातात हे आपणांस सांगावयास नको. असे असता विजेच्या शास्त्राचा विचार आपल्या सभांतून क्वचितच होतो. बाबासाहेबांनी तो केला होता. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना, २५ ऑक्टोबर १९४३ च्या भाषणात, मुबलक विजेवाचून उद्योगधंदे नाहीत व उद्योगधंद्यांवाचून दारिद्र्यातून सुटका नाही, असा विचार त्यांनी मांडला.

त्या शास्त्राने आज नवे रूप घेतले आहे. काही स्फटिक दाबले असता त्यांत विद्युत्भार उत्पन्न होतो, हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखविले. २००६ साली अमेरिकेत झोंग लिन वांग यांनी झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म तारा वाकवून त्यांतून वीज मिळविली. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. त्या मापाचे पदार्थ घडवून पावलांचा दाब व यंत्रांचा कंप यांतून वीज गोळा करावयाची, असे हे संशोधन होय. त्यावर मळ्यातील पंप चालणार नाही. एखादे लहानसे मोजमापाचे यंत्र बॅटरीवाचून चालावे, एवढीच सध्याची अपेक्षा आहे.

महाराष्ट्रात या क्षेत्रातील एक मान्यवर नाव म्हणजे डॉ. सतीशचंद्र ओगले. पुणे विद्यापीठाचा भौतिकी विभाग, अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठ, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि नंतर पुण्याचीच आयसर, असा त्यांचा प्रवास. त्यांच्या विद्वत्तेविषयी वाद नाही. माझे लक्ष या संस्थांच्या मालिकेकडे आहे. यांतील भारतातील प्रत्येक संस्था सार्वजनिक पैशावर उभी आहे. पदार्थविज्ञानाचा शास्त्रज्ञ केवळ स्वतःच्या बुद्धीवर घडत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कोणाच्या घरी नसतो. तो ज्या इमारतीत असतो तेथे नेमणूक कोणाची व्हावी, हा कायद्याचा प्रश्न आहे, आणि कायद्याने येथे आपणांस पुष्कळ काळ दाराबाहेर ठेविले आहे.

केंद्र सरकारच्या २३ जून १९७५ च्या आदेशाने संशोधनाची वरिष्ठ शास्त्रीय पदे राखीव जागांच्या नियमातून वगळण्याची मुभा दिली. त्या काळी तर बौद्धांना केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींचा हक्कच नव्हता. धम्म स्वीकारल्याची ती किंमत १९५६ पासून १९९० च्या दुरुस्तीपर्यंत आपण मोजली. तो हक्क हाती येऊन दोन वर्षे होतात न होतात तोच इंद्रा साहनी खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, संशोधन संस्थांतील तांत्रिक पदे आणि अणू व अवकाश क्षेत्रांतील शास्त्रज्ञ यांना राखीव जागा लावणे उचित नव्हे, असे मत नोंदविले. पुढे २०१९ च्या कायद्याने केंद्रीय शिक्षणसंस्थांतील अध्यापकांच्या थेट भरतीत राखीव जागा आल्या व आयसर, आयआयटी यांची दारे कागदावर तरी उघडली. परंतु त्याच कायद्याच्या कलम ४ ने टाटा मूलभूत संशोधन संस्था, होमी भाभा राष्ट्रीय संस्था इत्यादींस सूट दिली. २०२० मध्ये सरकारने नेमलेल्या एका समितीने तर आयआयटींनाही त्याच यादीत घालावे, अशी शिफारस केली!

कारण काय, तर गुणवत्ता. राखीव जागेचा उमेदवार पीएच.डी. होऊन, ठरविलेली पात्रता पुरी करूनच मुलाखतीस बसतो, हे येथे सोयीने विसरले जाते. जन्मावरून कोणी श्रेष्ठ वा हीन ठरत नाही, असे तथागतांनी सांगितले. ज्यांस ते मान्य नाही त्यांनी निदान आपल्या संस्थांतील शास्त्रज्ञांची सामाजिक गणना प्रसिद्ध करून दाखवावी.

याच दिंडोरी तालुक्यातील आंबे गावच्या दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली, ती दया म्हणून नव्हे. प्रयोगशाळेतील जागाही तशीच मागावयाची आहे. आपल्या बी.एस्सी. झालेल्या मुला-मुलींना घरच्यांनी पहिल्या नोकरीसाठी घाई करू नये, एम.एस्सी. व नेट परीक्षा यांकडे त्यांस वळू द्यावे. आणि आमच्या वकीलबंधूंनी माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये एकेका संस्थेकडून बिंदुनामावली मागवावी, अनुसूचित जातींच्या किती जागा जाहीर झाल्या, किती भरल्या आणि किती 'योग्य उमेदवार मिळाला नाही' या शेऱ्याखाली रिकाम्या राहिल्या, हे वर्षवार लिहून घ्यावे. प्रथम अर्ज पुण्याच्या संस्थांकडे करावा. त्या आपणांस जवळच्या आहेत.