वीज कडाडली, घर लख्ख झाले!

इंग्लंडमध्ये संसार थाटलेली भाची फोनवर सांगते, ‘‘मावशी, आज सुट्टी होती ना, मग सकाळीच किचन ब्लिट्झ केलं!’’ मावशी बिचारी गोंधळते. पोरीने मिक्सर-बिक्सर फोडला की काय? शाळेत घोटलेल्या तर्खडकरी इंग्रजीत हा शब्द कधी भेटलेला नसतो. शब्दकोश उघडावा, तर पहिलाच अर्थ डोळ्यांसमोर येतो : अचानक केलेला जोरदार हल्ला!

भाचीने हल्लाच केला होता, पण तो कळकटपणावर. ओटा, शेगडी, फ्रीज, कपाटांचे कोपरे असे सारे तिने एका दमात घासूनपुसून काढले. इंग्रजांच्या घरगुती बोलीत अशा सफाईला ‘ब्लिट्झ’ म्हणतात.

मूळ शब्द जर्मन. ‘ब्लिट्झ’ म्हणजे आकाशात चमकणारी वीज आणि ‘क्रीग’ म्हणजे युद्ध. १९३९ च्या सप्टेंबरात हिटलरच्या रणगाड्यांनी आणि विमानांनी पाहता पाहता पोलंड तुडवला, तेव्हा ‘ब्लिट्झक्रीग’ हा शब्द जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. पुढल्याच वर्षी, ७ सप्टेंबर १९४० पासून, जर्मन विमाने लंडनवर बॉम्ब टाकू लागली. पहिल्या ५७ रात्रींपैकी जवळजवळ प्रत्येक रात्री भोंगे वाजले. लोक भुयारी रेल्वेच्या फलाटांवर अंथरुणे टाकून झोपू लागले. कॉव्हेंट्री, लिव्हरपूल, प्लीमथ ही शहरेही भाजून निघाली. मे १९४१ पर्यंत ४० हजारांहून अधिक नागरिक प्राणास मुकले. या संहाराला इंग्रजांनी त्या जर्मन शब्दाचा अर्धा तुकडा तोडून नाव दिले, ‘द ब्लिट्झ’.

आपल्याकडच्या जुन्या वाचकांना हा शब्द आणखी एका कारणाने परिचित आहे. लंडनवर बॉम्ब पडत असतानाच, १९४१ मध्ये, रुसी करंजिया यांनी मुंबईत ‘ब्लिट्झ’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘लास्ट पेज’ या सदरासाठी ते शेवटच्या पानाकडून वाचायला घेणारेही पुष्कळ होते.

युद्ध संपले, पण शब्द मागे राहिला. भीती हळूहळू गळून पडली आणि उरल्या तीन गोष्टी : वेग, जोर आणि सारे बळ एकाच वेळी लावण्याची तऱ्हा. म्हणूनच बुद्धिबळात खेळाडूला मोजकी मिनिटे देऊन खेळलेल्या झटपट डावाला ‘ब्लिट्झ’ म्हणतात. चोहोबाजूंनी जाहिरातींचा मारा झाला की तोही ‘ब्लिट्झ’. आणि रविवारी सकाळी पदर खोचून न्हाणीघराच्या फरश्यांमागे लागणे, हाही ‘ब्लिट्झ’च!

आता वापराचे पाहू. ‘आय ब्लिट्झ्ड द बाथरूम’ असे क्रियापद चालते, तसेच ‘लेट्स गिव्ह द किचन अ ब्लिट्झ’ असे नामही चालते. मात्र ब्लिट्झ होतो तो जागेचा. खोली, गॅरेज, बाग यांचा होतो. एका कपबशीचा होत नाही. रोजची झाडलोटही ब्लिट्झ नव्हे. इंग्रजांचे ‘स्प्रिंग क्लीनिंग’ म्हणजे आपले दसरा काढणे. गोधड्या धुणे, डबे उतरवणे, माळा रिकामा करणे, सारे सणाच्या हिशेबाने आणि चार-आठ दिवस चालणारे. ब्लिट्झला मुहूर्त लागत नाही. पाहुणे संध्याकाळी येणार असे दुपारी कळले, की तो आपोआप घडतो.

दोन ठिकाणी मात्र सांभाळा. पाककृतीत ‘ब्लिट्झ द टोमॅटोज’ असे वाचून टोमॅटो घासत बसू नका. तिथे ते मिक्सरमधून फिरवायचे असतात. आणि शब्द बोलीतला आहे. घरमालकाला किंवा कचेरीत पत्र लिहिताना ‘थरो क्लीनिंग’ लिहावे. अमेरिकेत तर या शब्दाने आधी त्यांचा फुटबॉल आठवतो.

गंमत पुढेच आहे. इंग्रजीने रणांगणावरचा शब्द स्वयंपाकघरात आणला. आपण मराठी माणसांनी नेमके उलटे केले! आपले मोरीतले आणि अंगणातले शब्द भांडणात उतरले. फलंदाज गोलंदाजांची ‘धुलाई’ करतो. साहेब कारकुनाला ‘झाडतो’ किंवा त्याची ‘खरडपट्टी’ काढतो. एखाद्याचा पिच्छा पुरवायचा तर आपण त्याच्या मागे ‘हात धुऊन’ लागतो. आणि चोरटे तर घर इतके ‘साफ’ करून जातात की झाडू मारायलाही काही उरत नाही!

यात हसण्यासारखे पुष्कळ आहे, तसेच थोडे थांबून पाहण्यासारखेही आहे. बॉम्बवर्षावाच्या त्या दिवसांत रात्र सरली की लंडनच्या बायका दारापुढची काच आणि विटांचा चुरा झाडत आणि दुकानदार फुटक्या खिडक्यांमागे दुकाने उघडत. तेव्हाही केरसुणी हातात होतीच. पण त्या झाडण्यात रात्री शेजारचे घर गेल्याचे दुःख होते. आज त्यांची नातवंडे-पतवंडे ‘ब्लिट्झ’ म्हणत आनंदाने ओटा पुसतात. यात कुणाचा अपमान नाही. भयंकर शब्द इतका घरगुती होतो, तेव्हा जखम भरून आलेली असते. मात्र ज्या घरातले कुणी त्या हल्ल्यात गेले, तिथल्या वृद्धांसमोर तो जरा जपून उच्चारावा.

राहता राहिला प्रश्न, याला मराठीत काय म्हणावे? शब्द आपल्या घरातच आहे. आकाशात वीज चमकते ती ‘लख्ख’, आणि आजीने घासलेले तांब्याचे घंगाळ दिसते तेही ‘लख्ख’! जर्मन विजेला इंग्रजांच्या मोरीपर्यंत पोचायला एक महायुद्ध ओलांडावे लागले. आपल्या विजेला मात्र चिंच आणि राख पुरली.