दसऱ्याच्या आत

जुलैच्या अंकात आम्ही दहावीच्या सवलतींबद्दलचे अनुभव मागवले होते. आलेली पत्रे वाचून झाली तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. तासाला 20 मिनिटांचा जादा वेळ, लेखनिक, आकृत्यांतून सूट यांपैकी कशाबद्दलही फारशी तक्रार नाही. 16 ऑक्टोबर 2018 च्या शासन निर्णयाने सवलती दिव्यांगत्वाच्या 21 प्रवर्गांना खुल्या झाल्या आणि तो आता बहुतेक मुख्याध्यापकांना ठाऊक आहे. तक्रार आहे ती त्याच्या आधीच्या पायरीची. मूल वर्गात आहे, अडचण उघड दिसते आहे, शासन निर्णय फाइलला लावलेला आहे, आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नाही. किंवा होते, पण मुदत संपली. किंवा अर्ज केला, तपासणीची तारीख मिळाली, आणि त्या दिवशी आईबाप कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या फडात होते.

हे शेवटचे वाक्य बीड जिल्ह्यातल्या वाचकांना समजावून सांगायला नको. मुंबई-पुण्यात बसून जे परिपत्रके काढतात त्यांच्यासाठी मात्र ते सविस्तर मांडले पाहिजे.

केज तालुक्यातले युसूफ वडगाव घ्या. तिथल्या माध्यमिक शाळेत समजा एक मुलगी नववीत बसली आहे. जूनमध्ये शाळा उघडते. पहिल्या घटक चाचणीत तिचा पेपर अर्धा कोरा. तोंडी विचारले तर उत्तर येते, फळ्यावरचे उतरवताना ओळ सुटते, जोडाक्षर आले की थांबते, रफार कधी अलीकडच्या अक्षरावर तर कधी पलीकडच्या. श्रावणात कोणी तरी शिक्षक म्हणतो, ‘हिला एलडी (अध्ययन अक्षमता) असेल.’ शाळा म्हणते, दहावीला बघू. दसरा होतो. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, टोळी निघते, घरात आजी उरते. नववीचे वर्ष असे जाते. दहावीत मंडळाची आवेदनपत्रे भरताना कोणाला तरी आठवते. मग धावपळ, अर्ज, तारीख. ही तारीख डिसेंबरात किंवा जानेवारीत पडते. बापाने एक दिवस यायचे तर तोडीचा खाडा, मुकादमाचा दंड आणि एसटीचे भाडे. दहावीची लेखी परीक्षा 2025 साली 21 फेब्रुवारीला सुरू झाली. तेव्हा गाळप चालूच असते. म्हणजे दसऱ्यापासून परीक्षेपर्यंत या मुलीच्या बाजूने सही करणारे माणूस गावात नसते, आणि आपली सारी व्यवस्था तिच्याकडे कागद मागते ते नेमके याच महिन्यांत.

यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, अर्जाचा ओटीपीसुद्धा बापाच्या मोबाइलवर जातो, आणि तो मोबाइल फडात असतो.

यात भर पडली ती ऑक्टोबर 2024 च्या नियमदुरुस्तीने. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देण्याची मुदत पूर्वी एक महिन्याची होती, ती तीन महिन्यांची केली गेली. रुग्णालयांवरचा ताण आम्हाला समजतो. पण हिशेब करून पाहा. ऑगस्टमध्ये अर्ज केला तर एक महिन्याच्या मुदतीत सप्टेंबरला निकाल लागला असता, कुटुंब गावात असताना. तीन महिन्यांच्या मुदतीत तो नोव्हेंबरला लागेल. कायद्याने एकही दिवस उशीर न होता मूल हुकले. ज्या जिल्ह्यातून लाखो माणसे सहा महिने बाहेर जातात, तिथे तीन महिने हा फार मोठा काळ असतो, हे ही दुरुस्ती करताना कोणाच्या लक्षात आले नाही.

आता चौदाव्या वर्षाकडे या. अध्ययन अक्षमतेच्या मूल्यमापनाच्या 4 जानेवारी 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर द्यायचे आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासायचे असे ठरवले. त्यामागचे शास्त्र आम्ही नाकारत नाही. मूल बदलते, अडचणीचे रूप बदलते. पण चौथीतल्या एखाद्या जागरूक गुरुजींनी पदरमोड करून ज्या मुलाला प्रमाणपत्र मिळवून दिले, त्याचा तो कागद नववीच्या उंबरठ्यावर जुना होतो. शिक्षण हक्क कायद्याचे 6 ते 14 हे वय तिथेच संपते. हंगामी वसतिगृहाची योजना त्याच वयोगटाभोवती बेतलेली, म्हणून तोही आधार तिथेच सुटतो. चौदा पूर्ण झालेल्या, वाचता न येणाऱ्या मुलाच्या हातात मग कोयता येतो आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 चे कलम 31 मात्र अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देते. चौदा आणि अठरा यांच्या मधली ही चार वर्षे हीच माध्यमिक शाळा. तिथेच आपण विशेष शिक्षक सर्वांत कमी आहोत.

आता एक अधिक अवघड गोष्ट. ती आपल्यातही मोकळेपणाने बोलली जात नाही. 2018 च्या त्याच सूचनांनी ठरवले की बुद्ध्यंक 85 च्या वर असेल तरच अध्ययन अक्षमतेची पुढची चाचणी. 70 च्या खाली असेल तर बौद्धिक अक्षमता. 70 ते 84 च्या मधले मूल कोणाचे? त्याला कोणताच कागद नाही. दुसरीकडे, शिकवणेच मिळाले नाही म्हणून मागे पडलेल्या मुलाला अध्ययन अक्षम म्हणायचे नाही, हा तर आपल्या शास्त्राचा पहिला धडा. शहरातल्या मुलासाठी तो अगदी योग्य आहे. पण पहिलीपासून दरवर्षी सहा महिने फडावर काढलेल्या मुलाची तपासणी करताना मानसशास्त्रज्ञ ‘शाळेतील अनुपस्थिती’ असे लिहितो आणि फाइल मिटते. अनुपस्थितीही खरी आणि अक्षमताही खरी, असे एका मुलात असू शकत नाही का? तांड्यावरून येणारे, घरी गोरमाटी बोलणारे मूल घ्या. त्याला मराठीचे जोडाक्षर जड जाते, कारण मराठी त्याची दुसरी भाषा आहे. पण त्यातल्या काहींना ते दोन्ही कारणांनी जड जाते. हे वेगळे काढायचे तर त्या मुलाला दोन-तीन महिने नेमके शिकवून, प्रगती किती झाली ते नोंदवून मग तपासावे लागते. तीन महिन्यांच्या अध्यापनाची अशी नोंदवही जोडलेली असेल, तर तपासणाऱ्यापुढे अनुपस्थितीच्या शेऱ्यापलीकडचे काही तरी असते. ती नोंदवही लिहू शकणारा माणूस म्हणजे विशेष शिक्षक. आणि 2018 च्या त्या सूचनांनी प्रमाणन मंडळावर विशेष शिक्षकालाही जागा दिली होती. आपल्यापैकी किती जणांना त्या टेबलापाशी बोलावले गेले, आणि किती जणांनी ती जागा मागितली?

चाचण्यांच्या भाषेबद्दल एक वाक्य लिहून पुढे जातो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीत आहे, पण ती प्राथमिक इयत्तांपुरती. चौदा वर्षांच्या मराठी माध्यमाच्या मुलाला त्याच्या लिपीत, त्याच्या इयत्तेच्या मजकुरावर तपासणारे साधन प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पोचवणे हे विद्यापीठांचे आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे थकलेले देणे आहे.

दिव्यांगत्वाच्या प्राथमिक छाननीच्या ‘प्रशस्त’ ॲपबद्दल जी पत्रे आली त्यांत चीड आहे आणि ती रास्त आहे. वर्गशिक्षकाने याद्या तपासायच्या, खुणा करायच्या, माहिती चढवायची, शाळेचे काम शंभर टक्के पूर्ण झाल्याचा अहवाल गटसाधन केंद्राकडे पाठवायचा. हे सगळे होते. मग ज्या मुलांच्या नावापुढे खूण पडली त्यांचे काय? कोणत्या दिवशी, कोणत्या रुग्णालयात, कोण तपासणार? बहुतेक पत्रलेखकांच्या मते इथे साखळी तुटते. चाळणी लावायची आणि चाळून आलेले तिथेच टाकून द्यायचे, असे दोन वर्षे चालले तर शिक्षक तिसऱ्या वर्षी खुणा करायचे सोडून देईल. तसे करू नका, ही आमची विनंती आहे, पण दोष कुठे आहे ते स्पष्ट असू द्या.

पदांचे म्हणाल तर, राज्य मंत्रिमंडळाने 2024 च्या शरदात केंद्रनिहाय एक याप्रमाणे विशेष शिक्षकांची 4860 पदे मान्य केली. त्याआधी रजनीश कुमार पांडे खटल्यात 28 ऑक्टोबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवण्याचे आदेश दिले होते, आणि 7 मार्च 2025 ला पुन्हा राज्यांना पदे अधिसूचित करण्यास बजावले. अनेक वर्षे कंत्राटावर राबलेल्या सहकाऱ्यांना त्यातून न्याय मिळाला याचा आनंद आहे. पण केंद्र ही रचना मुळात प्राथमिक शाळांची. एका केंद्रातल्या सगळ्या शाळा फिरून झाल्यावर माध्यमिक शाळेच्या वाट्याला हा शिक्षक महिन्यातून किती दिवस येणार, याचे उत्तर कोणत्याही गटशिक्षणाधिकाऱ्याने लेखी दिलेले आमच्या पाहण्यात नाही. ते मागा.

एवढे शासनाला बोलून झाल्यावर आपल्या लोकांना बोलणे भाग आहे.

नववीत मूल अडवायचे, म्हणजे दहावीचा निकाल शाबूत राहतो, ही रीत किती शाळांत आहे हे आपण सगळे जाणतो. पालकाला बोलावून ‘17 नंबरचा फॉर्म भरा’ असे सुचवायचे, हीही. ज्या मुलाला शाळेची सर्वांत जास्त गरज आहे त्याला शाळेबाहेरचा परीक्षार्थी करायचे, आणि फलकावर शंभर टक्के निकाल रंगवायचा. मुख्याध्यापक मित्रांनो, त्या शंभरात हे मूल नाही. त्याचे नाव पुसून तो आकडा मिळाला आहे.

दुसरी गोष्ट याहून वाईट. सोयीच्या बदलीसाठी दिव्यांगत्वाचे खोटे प्रमाणपत्र जोडल्याच्या प्रकरणात याच बीड जिल्ह्यात शिक्षकांवर निलंबनाची कारवाई झाली. धडधाकट शिक्षकाला टक्केवारीचा कागद मिळतो आणि त्याच्याच वर्गातल्या मुलाला तो मिळत नाही, हे वाचून मान खाली गेली. त्या कागदांमुळे तपासणीचे टेबल प्रत्येकाकडे संशयाने पाहू लागले, आणि तो संशय आज खऱ्या मुलांना भोवतो आहे. परीक्षा केंद्रावर लेखनिक घेऊन आलेल्या मुलाकडे भरारी पथक ज्या नजरेने पाहते, त्यातही आपल्यापैकी काहींचा वाटा आहे. लेखनिक हा पास करवून घेण्याचा मार्ग म्हणून ज्यांनी वापरला, त्यांनी खऱ्या मुलाच्या हातातली लेखणी काढून घेतली.

तेव्हा आता काय करायचे ते बोलू. सगळे एकाच गोष्टीपाशी येते. प्रमाणपत्राचे काम दहावीत नको, नववीत हवे, आणि नववीतही दसऱ्याच्या आत.

हा अंक हाती पडेल तेव्हा घरोघर माणसे आहेत. टोळ्या गेलेल्या नाहीत. नववीचा पट घेऊन बसा. तुकडीत जितके विषयशिक्षक आहेत त्या सर्वांना एकच प्रश्न विचारा: तोंडी येते पण लिहिता येत नाही, असे कोण? जी नावे दोघा-तिघांच्या तोंडून येतील त्यांची यादी करा. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शाळेची छाननी समिती असावी असे 2018 च्याच सूचनांनी सांगितले होते. ती कागदावर असेल तर तिची बैठक घ्या, नसेल तर आठवड्याच्या आत नेमा. आजपासून रोज अर्धा तास त्या मुलांना वेगळे शिकवा आणि वहीत तारखेनिशी नोंद ठेवा. गणपतीच्या आधी पालकांना शाळेत बोलवा. उचल कोणाकडून घेतली, कधी निघणार, हे विचारायला संकोच करू नका, कारण त्या तारखेवर पुढचे सगळे अवलंबून आहे. अर्ज त्यांच्या समोर, त्यांच्या मोबाइलवर, त्याच बैठकीत भरा.

गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित आणि कार्यानुभव घेण्याची सवलत ज्यांना लागू पडेल, त्यांच्या पालकांना तिचा पुढच्या वाटांवर होणारा परिणामही त्याच वेळी सांगा. पदविका किंवा विज्ञान शाखा मनात असेल तर विचार करायला त्यांना वर्ष मिळाले पाहिजे. जानेवारीत घाईने घेतलेला हा निर्णय मुलाला आयुष्यभर पुरतो.

आणि प्रमाणपत्र नाहीच मिळाले, मूल 70 ते 84 मधले निघाले, तरी नववीची प्रश्नपत्रिका शाळाच काढते. तिला जादा वेळ देणे, प्रश्न वाचून दाखवणे, तोंडी उत्तर घेणे यासाठी विभागीय मंडळाची वाट कशाला पाहायची? वर्षभर तसे शिकवून आणि तसे तपासून पाहा, म्हणजे पुढच्या तपासणीला दाखवायला तुमच्याजवळ पुरावा असेल.

जिल्हा शल्यचिकित्सकांना आमची जाहीर विनंती आहे. दसऱ्याआधीच्या सहा आठवड्यांत केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या ऊसतोड कुटुंबांच्या तालुक्यांत नववीच्या मुलांसाठी खास तपासणी दिवस ठेवा. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एकाच दिवशी एका छताखाली येऊ द्या. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय या कामी मोठा आधार होऊ शकते. बोलावणे आले तर आमचे वाचक चहापाण्यापासून नोंदणीपर्यंत सगळे काम अंगावर घेतील, हा शब्द आम्ही त्यांच्या वतीने देतो.

वाचकांनी एवढे करावे. आपल्या शाळेतल्या नववीच्या यादीत किती मुले आली, त्यांपैकी किती कुटुंबे दसऱ्यानंतर जाणार आहेत आणि किती अर्ज भरून झाले, हे तीन आकडे गणेश चतुर्थीपर्यंत आमच्याकडे पाठवावेत. मुलांची नावे नकोत. शाळेचे नाव आणि तालुका पुरे. ते सगळे एकत्र करून आम्ही दिव्यांग आयुक्तालयात आणि छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळात स्वतः नेऊन देऊ, आणि तिथे काय उत्तर मिळाले ते पुढच्या अंकात याच पानावर छापू.