डेक कोणाच्या हातात?

‘हार्थस्टोन’ या डिजिटल पत्त्यांच्या खेळातल्या बलवान डेकच्या याद्या मी आवडीनं वाचतो, पण डेक खेळणार कोण, हे त्या क्वचितच विचारतात. २०१५चा ‘पेट्रन वॉरियर’ घ्या. मार खाऊन त्यातला ग्रिम पेट्रन हा मोहरा वाचला की शेजारी दुसरा उभा राहायचा, आणि वॉरसाँग कमांडर या कार्डामुळे नव्यानं आलेला प्रत्येक जण लगेच हल्ल्याला सज्ज! ही साखळी किती लांबेल, याचं गणित एका खेळीच्या मर्यादित वेळात मांडावं लागे. नवख्याच्या हातात तोच डेक गडगडायचा, कसलेले खेळाडू त्यावर स्पर्धा गाजवायचे. ऑक्टोबरमध्ये खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्डनं कमांडरचं कार्डच बदलून टाकलं. सरासरी विजयांपेक्षा कसबाला मान देणाऱ्या माझ्या यादीत त्या वर्षीचा पहिला क्रमांक पेट्रनचाच.