सही साहेबाची, पण आकडा जुळवतो तो अव्वल कारकून

गेल्या वर्ष-दोन वर्षांत सातबाऱ्याचं काम पडलं नाही असा शेतकरी आपल्या भागात शोधून सापडायचा नाही. फार्मर आयडी आला, तो सातबाऱ्यावरून निघतो. 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली. आधी बुलढाणा जिल्ह्यात करून बघितली, मग सगळीकडं. मयत खातेदाराचं नाव कमी करून वारसांची नावं लावायची, असं तिचं काम. पुढच्या टप्प्यात 'अपाक', 'एकुमॅ', कधीच फिटलेली तगाई असले जुने शेरे काढायला घेतले. मोहीम चांगलीच आहे, त्यात वाद नाही. पण चर्चा सगळी पोर्टलची, सर्व्हर डाऊनची आणि तलाठी भाऊसाहेब भेटत नाहीत याची. तहसीलमध्ये आतल्या खोलीत एक खुर्ची असते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आज तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

ती खुर्ची अव्वल कारकुनाची. आता पदनाम बदललं, पाटीवर 'सहायक महसूल अधिकारी' लिहितात. तलाठीही आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालेत. पण गावात अजून तलाठी तो तलाठी आणि अव्वल कारकून तो अव्वल कारकूनच. लिपिक म्हणून लागायचं, खात्याच्या परीक्षा द्यायच्या, महसूल अर्हता पास व्हायची, मग बढतीनं ही खुर्ची मिळते. वर नायब तहसीलदार, खाली लिपिक. जमाबंदी, कूळकायदा, पुरवठा अशी संकलनं वाटलेली असतात. गावाचे हिशेब तपासणं, तलाठ्याचा अहवाल आणि जुनं रेकॉर्ड यांचा ताळमेळ घालणं, साहेबापुढं टिप्पणी ठेवणं हे सगळं याच टेबलावर होतं. तहसीलदार सही करतात ती बहुतेक वेळा त्या टिप्पणीवर.

आणि हे पद काही वाऱ्यावरचं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 150 मध्ये लिहिलंय की फेरफाराची नोंद प्रमाणित करणारा अधिकारी अव्वल कारकुनाच्या दर्जापेक्षा खालचा नसावा. म्हणून मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात, त्यांचा दर्जा तोच. संबंधितांना नोटीस गेल्याशिवाय नोंद प्रमाणित करायची नाही, हेही त्याच कलमात आहे. आणि एकदा नोंद झाली की कलम 157 प्रमाणे ती खरी धरली जाते, खोटी आहे हे सिद्ध करायचं ओझं आपल्या डोक्यावर. म्हणजे बघा, तपासणारा माणूस चुकला तर कोर्टाच्या पायऱ्या शेतकऱ्याला चढाव्या लागतात.

आता माझंच सांगतो. वडिलांच्या नावावर 84 आर. हाताच्या सातबाऱ्यावरून कॉम्प्युटरवर चढवताना कुणीतरी आकडे उलटे टाकले आणि झाले 48 आर. 36 आर गेले, म्हणजे साडेपस्तीस गुंठे. वावर जागेवरच होतं, बांध जागेवर होता, कागदावर मात्र गायब. आम्हाला पत्ताच नाही. सोसायटीत पीककर्जाला गेलो तेव्हा सचिव म्हणाले, "तुमचं क्षेत्र एवढंच दिसतंय." त्या वर्षी कर्ज 48 आरवरच मिळालं. बियाणं-खताचा बाकीचा पैसा दुकानदाराकडून उधारीवर, आणि उधारीवर खताची गोणी कुठल्या भावात पडते ते वाचणाऱ्याला सांगायला नको.

अर्ज दिला. पहिले दोन महिने 'सॉफ्टवेअरमध्ये असंच आहे' एवढंच उत्तर. मग एक दिवस अव्वल कारकुनांपुढं उभा राहिलो. वयस्कर माणूस, निवृत्तीला आलेला. त्यांनी क्षेत्राकडं बघितलंच नाही, बोट ठेवलं ते आकाराच्या रकान्यावर. आकार म्हणजे जमिनीची सरकारी आकारणी, वर्षाचा शेतसारा त्यावरून ठरतो. रक्कम इतकी किरकोळ की आपण ती कधी वाचतच नाही. माझ्या सातबाऱ्यावर आकार होता 3 रुपये 36 पैसे. त्याच गटात चुलतभावाचं 42 आर, त्याला आकार 1 रुपया 68 पैसे. ते म्हणाले, "दादा, हिशेब करा की. आरला चार पैसे पडतात. तुमचं 48 असतं तर आकार 1 रुपया 92 पैसे पाहिजे होता. 3.36 हा 84 चा आकार आहे. टाकणाऱ्यानं क्षेत्र चुकवलं, आकार बरोबर टाकला."

मी बारावी शिकलोय, सातबारा पन्नासदा हातात घेतलाय, पण हे मला दिसलं नव्हतं. त्यांनी रेकॉर्ड रूममधून जुना हाताचा सातबारा आणि फेरफार काढायला लावला. भूमी अभिलेखकडून आकारफोड मागवली, म्हणजे गट फुटताना कुणाला किती क्षेत्र आणि किती आकार गेला त्याचा तक्ता. तिथंही 84 च. मग कलम 155 खाली दुरुस्तीचा प्रस्ताव तयार झाला. हे कलम लेखनप्रमादासाठी, म्हणजे हाताच्या चुकीसाठी, किंवा संबंधित सगळ्यांना मान्य असलेल्या चुकीसाठी.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण गावात यावर लई गैरसमज आहे. 155 मध्ये मालकी ठरत नाही. भावानं बहिणीचं नाव उडवलं, खरेदीत घोळ झाला, हिश्श्याचा वाद आहे, ही हाताची चूक नाही. त्याला प्रांतांकडं अपील किंवा दिवाणी कोर्ट. 'साहेबाला सांगून 155 मध्ये करून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर समजा, आज तो तुमचं नाव लावतोय, उद्या त्याच वाटेनं काढलंही जाईल. उलट खरी लेखनचूक असताना 'कोर्टात जा' म्हणून हाकलून लावतात, तेही चूक. दोन्हीतला फरक ओळखणं हेच त्या टेबलाचं खरं काम, आणि तो कुठलंही सॉफ्टवेअर ओळखत नाही. सॉफ्टवेअर विसंगतीची यादी काढून देईल. खरं 84 का 48, हे जुना कागद वाचणारा माणूसच सांगणार.

तेवढ्यात ते भाऊसाहेब निवृत्त झाले. त्यांच्या जागेवर नवीन कुणी आलं नाही, दुसऱ्या संकलनाच्या बाईंना अतिरिक्त चार्ज दिला. त्यांच्यावर आधीच एका टेबलाचा ढीग, त्यात निवडणुकीचं काम. माझी फाईल सात महिने तिथंच. बाईंना दोष देत नाही, एका माणसानं दोन खुर्च्यांवर बसायचं कसं? शेवटी आदेश झाला, तलाठ्यांनी फेरफार घेतला, 84 आर परत आले. उधारीचं व्याज काही परत आलं नाही.

2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा सगळ्या राज्याला रेकॉर्ड रूम आठवली. कडकडणारे दप्तरांचे गठ्ठे सुटले आणि कळलं की मोडी वाचणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. मराठवाड्यात तर निजामकाळातलं उर्दू. स्कॅनिंग झालंय, काही जिल्ह्यांचं जुनं रेकॉर्ड 'आपले अभिलेख' वर घरबसल्या दिसतं, चांगली सोय आहे. पण स्कॅन केलेलं मोडी मोडीच राहतं. कुठल्या गावाचा कुठला फेरफार कुठल्या गठ्ठ्यात, हे ज्याच्या डोक्यात असतं तो माणूस निवृत्त होताना ते डोक्यातच घेऊन जातो. नव्या माणसाला चार-सहा महिने त्याच्या शेजारी बसवलं असतं तर काय बिघडलं असतं? सरकार तलाठी भरतीची जाहिरात काढतं तेव्हा बातमी होते. मधली ही खुर्ची बढतीची, त्यामुळं ती रिकामी राहिली तरी बातमी होत नाही.

ज्यांनी फार्मर आयडीसाठी सातबारा काढलाय, त्यांनी तोच कागद एकदा परत उघडा. 15 रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. क्षेत्र बघा, मग आकार बघा, मग त्याच गटातल्या शेजाऱ्याच्या सातबाऱ्याशी भागाकार करून बघा. जमिनीचा पोत सारखा असेल तर आरला पडणारे पैसे साधारण सारखेच आले पाहिजेत. नाही आले तर जुना हाताचा सातबारा आणि फेरफाराची नक्कल मागा, आणि अर्ज देताना आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या एका मावशींनी असाच हिशेब केला, त्यांचं 11 आर कमी भरतंय. सोमवारी अर्ज आवकला लागलाय. टेबलाचा चार्ज अजून बाईंकडंच आहे, या कामाला त्या मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारनंतर बसतात.