विमान खोटे, इमान खरे

परवा शिरपूरला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत भाचेजावयांनी विचारले, "नाना, हल्ली काय चालू आहे?" मी खरे ते सांगितले. संगणकावर विमान चालवणाऱ्या हौशी लोकांची एक मंडळी आहे, त्यांच्या उड्डाणांचे वेळापत्रक मी सांभाळतो. "पैसे देतात का?" नाही. "विमान खरं आहे का?" तेही नाही. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, इमान खरं नही, पैसा नही, मंग करतस कसाले?" सगळी पंगत हसली. मीही हसलो.

हसण्याचे काही नाही हो. पण त्यामागे एक समजूत आहे. जे काम फुकट ते हलके, आणि हलके काम कसेही केले तरी चालते. माझे भांडण या समजुतीशी आहे.

आधी काम काय ते सांगतो. ही मंडळी घरी बसून सिम्युलेटरवर उडतात, पण खऱ्या कंपन्यांची खरी उड्डाणे, खऱ्या वेळेला. नातू त्यात आहे, त्यानेच मला ओढले. एकवीस वर्षे शाळेचे वेळापत्रक लावलेले, म्हटले यात काय अवघड!

तर मंडळी, तिथे सगळ्या वेळा यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. सोमवारी पहाटे दोनला मुंबईहून निघणारे विमान तिथे रविवारी रात्री साडेआठला निघते. वेळ बदलली आणि वार बदलायचा राहिला की विमान एक दिवस चुकले. पहिल्या आठवड्यात ही चूक मी बारा ठिकाणी केली. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळापत्रक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. लंडनचे घड्याळ त्याच दिवशी सरकते, आपले सरकत नाही. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या क्रमांकांत 'यूके'च्या जागी 'एआय २' आले. ती प्रत्येक ओळ कुणीतरी हाताने बदलली. विमान उडवायला सगळे तयार असतात, ओळी बदलायला दोघे-तिघे.

आता जळगावचे सांगतो. २३ डिसेंबर २०१७ ला एअर डेक्कनचे छोटे विमान मुंबईहून जळगावला आले. काही महिन्यांत ती सेवा बंद पडली. २०१९ मध्ये ट्रूजेट आली, २०२२ मध्ये तीही थांबली. तेव्हा जळगावच्या ओळी काढायचे काम माझ्याकडे आले. मंडळींतला आपल्याकडचाच एक मुलगा म्हणाला, "नाना, खान्देशचं विमान आहे, राहू द्या ना. कोण बघतं?"

हात जड झाला, पण काढल्या. गाडी येणार नसेल तर तसे फळ्यावर लिहावे. येणार म्हणून लिहून माणसाला उन्हात बसवू नये. सुरत-भुसावळ मार्गावर दोंडाईच्यात जन्म काढलेल्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. अभिमान आहे म्हणून विमान निघत नाही. २०२४ मध्ये फ्लाय९१ जळगावला येऊ लागली आणि त्या ओळी मी परत घातल्या. आधी काढल्या नसत्या तर हा आनंद कुठून मिळाला असता?

काही जण म्हणतात, त्यापेक्षा गावातली पोरे शिकवा. सूचना चांगली आहे, संध्याकाळी दोघे येतातही. पण दिवसभर पत्ते पिसणाऱ्या निवृत्ताला हा प्रश्न कुणी विचारत नाही, हेही लक्षात घ्या.

आणि फुकट काय काय चालते ते पाहा. गावाचे वाचनालय, भजनी मंडळ, गणपतीची वर्गणी. तिथेही "फुकटच करतोय ना" म्हणत हिशेब न लिहिणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पगारी माणूस चुकला तर पगार कापतात. बिनपगारी चुकला तर कापायला फक्त त्याचा शब्द असतो. म्हणून त्याने जास्त जपावे, असे माझे मत.

असो. त्या गृहस्थांना पंगतीत उत्तर सुचले नाही, ते आता देतो. दादा, विमान खोटेच आहे. म्हणून तर इमान खरे लागते.