कोपीवरच्या लेकरांचा हक्क

गळीत हंगाम सुरू झाला की टेंभुर्णीच्या शिवारात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. मी इथे नागरिकशास्त्र शिकवते. शाळेच्या वेळेत मला रस्त्यावर दिसते ती कडेवर भाऊ, डोक्यावर वाढ्यांचा भारा घेतलेली दहा-अकरा वर्षांची पोर.

अशाच मुलांसाठी इंग्रज विचारवंत टॉमस पेनने 1792 साली ‘राइट्स ऑफ मॅन’च्या दुसऱ्या भागात मांडलं, की गरिबाच्या चौदा वर्षांखालील मुलामागे सरकारने वर्षाला चार पौंड द्यावेत आणि आईबापांनी त्याला शाळेत घालावं. दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून! पेन वाचलेल्या जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं. शेतसारा भरतो कुणबी आणि शिकतात दुसऱ्यांची मुलं, हा अन्याय त्यांना सहन होत नव्हता. सहा ते चौदा वयाचा हक्क कायद्यात यायला 2009 उजाडलं.

कायदा आहे, पण तो कोपीपर्यंत पोचत नाही. कारखान्यांनो, टोळी उतरताच मुलांची यादी जवळच्या शाळेला द्या. आणि ऊस तुमच्या रानातला असेल, तर टोळीच्या मुकादमाला तोडीआधी लेकरांचं विचारा.