विश्लेषण : जर्सीवर नाव शाळेचे, बिल पालकांच्या नावे!

अमेरिकेतल्या हायस्कूलचा फुटबॉल संघ शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर उतरतो, तेव्हा मैदानाचे भाडे किती, हे कोणी विचारत नाही. त्याच शाळेचा आइस हॉकी संघ मात्र अनेकदा रात्री उशिरा भाड्याच्या रिंकवर सराव करतो आणि त्या तासाचे पैसे खेळाडूंचे आईवडील भरतात. एका खेळाला शाळेचा आधार, दुसऱ्याला फक्त शाळेचे नाव, असे का?

बर्फच महाग

हॉकीचा रिंक साधारण 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद असतो. तो गोठवून ठेवायला यंत्रणा सतत चालवावी लागते, त्यामुळे तासाभराचे भाडे शेकडो डॉलरमध्ये जाते. स्वतःचा रिंक असलेल्या सरकारी शाळा थोड्याच. शाळांचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. पंधरा-वीस मुलांच्या खेळासाठी तो खर्च करायला शालेय मंडळे कचरतात. शिवाय शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा 1972 चा ‘टायटल नाइन’ कायदा आहे. मुलांचा नवा संघ काढताना मुलींच्या संधींचाही विचार शाळेला करावा लागतो.

मिनेसोटात चित्र वेगळे आहे. तिथे हॉकी हा शाळांचाच खेळ असून राज्य स्पर्धा 1945 पासून भरते. इलिनॉय, टेक्सास किंवा पेनसिल्व्हेनियात मात्र राज्याची शालेय क्रीडा संघटना आइस हॉकी चालवत नाही. पिट्सबर्गच्या आसपास शाळांच्या नावाने खेळणारे संघ प्रत्यक्षात क्लब असतात. हवामानाचाच हा प्रश्न असेल असे वाटते, पण पिट्सबर्गला थंडी काही कमी नाही. उलट रिंकचा बर्फ गुळगुळीत करणारे झांबोनी यंत्र 1949 मध्ये उबदार कॅलिफोर्नियात जन्मले!

पालक संघ उभा करतात म्हणजे काय?

आधी ना-नफा संस्था नोंदवायची. मग ‘यूएसए हॉकी’कडे खेळाडू-प्रशिक्षकांची नोंदणी, रिंकच्या वेळा, पंचांचे मानधन, प्रवास. नाव आणि बोधचिन्ह वापरण्यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी. वर्गणी पुरत नाही म्हणून गाड्या धुणे, सोडती काढणे, गावातल्या पिझ्झावाल्याकडून जाहिरात मिळवणे. गोलरक्षक मिळाला नाही तर संघच अडतो, कारण त्याचा सरंजाम सर्वांत महाग. डॅलसला राहणाऱ्या मराठी घरातले मूल हॉकीच्या मागे लागले, तर आईबाबांना हे सगळे गणित मांडावेच लागेल.

ही मेहनत खोटी नाही. पालक पुढे आले नसते तर या मुलांना शाळेची जर्सी मिळालीच नसती. पण ज्याचा पैसा त्याचा शब्द, हा व्यवहार इथेही येतो. प्रशिक्षक नेमणाऱ्या समितीत खेळाडूंचेच आईवडील बसतात. अटीतटीच्या तिसऱ्या पिरियडमध्ये कोणाला उतरवायचे, हे ठरवताना त्या प्रशिक्षकाच्या मनावर दडपण येणारच. ज्यांना वर्गणी झेपत नाही, ती मुले निवड चाचणीलाच येत नाहीत. ती कोणत्याही यादीत नसतात, म्हणून त्यांची तक्रारही कुठे नोंदली जात नाही.

पैशाच्या हिशेबाला कायद्याचीही बाजू आहे. व्हर्जिनियातल्या एका जिम्नॅस्टिक्स पालक क्लबमध्ये, जो निधी जमवेल त्याच्याच मुलाची फी कमी होत असे. कर खात्याने त्याची करसवलत काढून घेतली आणि 2013 मध्ये कर न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. करसवलत हवी तर जमवलेला पैसा साऱ्या संघाचा मानायला हवा. हॉकीतल्या पालकांनी हा निकाल जरूर वाचावा.

दुसरी अडचण काळाची. हायस्कूल चार वर्षांचे. मूल पदवीधर झाले की हिशेब ठेवणारे बाबा आणि रिंकशी बोलणारी आई, दोघेही निघून जातात. वही कोणाकडे आहे, इथपासून पुढच्या पालकांची सुरुवात होते.

शाळेच्या हातात काय?

पैसा नाही म्हणून शाळेने हात झटकणे चुकीचे आहे. नाव तिचे आहे, तर अटीही तिने घालाव्यात. वर्गणी आणि खर्च सर्वांना दिसेल असा मांडावा, जमलेल्या निधीतला ठरावीक वाटा न परवडणाऱ्या मुलांसाठी राखावा, जुन्या स्केट आणि पॅड शाळेत जमा व्हावेत. निवड समितीत खेळाडूचा पालक नसावा, शाळेचा एक शिक्षक मात्र असावा. नाव वापरण्याची परवानगी एकेका वर्षाचीच द्यावी आणि ती देण्याआधी, म्हणजे रिंकच्या वेळा आरक्षित होण्यापूर्वीच, मागच्या हंगामाचा हिशेब मागून घ्यावा.